आधीचा फोटो

डिलाईल रोडच्या आतल्या अंगाला दोन चाळी भांडलेल्या जावांसारख्या पाठीला पाठ लावून उभ्या होत्या. पुढची कोकणातल्या मराठ्यांची, मागची नुकत्याच बौद्ध झालेल्यांची. मधे घरगल्ली. बैलगाडी जाईल एवढी रुंद, पण बैल गेला नसता, त्यालाही काही अब्रू असते. दोन्हीकडच्या मोऱ्यांच्या खिडक्या आणि गॅलऱ्यांची टोकं तिच्यावर उघडायची. माशाची खवलं, शिळा भात, राख, पोरांचे उद्योग, सगळं खाली. कुणी टाकलं विचारलं, की बोट समोरच्या चाळीकडे.

बाबुराव पुढच्या चाळीत दुसऱ्या माळ्यावर राहायचा. गिरणीत साचेवाला, म्हणजे मागावर, पण खरा धंदा टवाळी. कुणाच्या तपकिरीत मिरपूड निघाली, कुणाच्या दाराला बाहेरून कडी लागली, की लोक चौकशी न करता थेट त्याच्याकडे यायचे. त्यामुळे पास्टर शामराव आला तेव्हा बाबुरावाला सर्कशीचा तंबू लागल्याइतका आनंद झाला.

पास्टर नगरकडचा. खाकी हाफ पँट, टकलावर मधोमध भाजल्याचा डाग. चाळीचा अंदाज असा होता की हा पेटीवर गाणी म्हणणार, अमेरिकेची दूध पावडर वाटणार आणि हळूच नाव बदलायला सांगणार. पावडर त्याने वाटली. मग फावडं मागितलं आणि सरळ घरगल्लीत उतरला.

बाबुराव खिडकीत टपूनच होता. बोंबील धुतलेलं पाणी त्याने बरोब्बर त्या डागावर ओतलं. पास्टरने टक्कल पुसलं, हात हुंगला आणि वर बघून विचारलं, "ताजे दिसतायत, बाबुराव. कुठनं आणले?"

दोन्ही चाळी खदखदल्या. बाबुरावाच्या आयुष्यात पहिल्यांदा लोक त्याच्या थट्टेला हसत नव्हते, त्यालाच हसत होते. पुढच्या रविवारी तोही फावडं घेऊन खाली. बायकोला, सुंदराबाईला म्हणाला, "या टकल्याने मला बाटवला गं. धर्मात नाय, गटारात."

त्याच्याही आधी मागच्या चाळीतली शेवंती उतरली होती. सातवीपर्यंत शिकलेली, नवरा गिरणीत, पदराशी एक लहान पोर. तिने पहिल्याच दिवशी पास्टरला सांगून टाकलेलं, "आम्ही एक धर्म आत्ताच सोडलाय. लगेच दुसरा नको. फावडं द्या." पास्टरने फावडं दिलं आणि धर्माचं काढलंच नाही.

दीडेक वर्षात घरगल्लीची फरशी दिसायला लागली. ती आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं. भिंतींना चुना लागला. शेवंतीने तिथे बालवाडी काढली आणि दोन्ही चाळींची पोरं एका सतरंजीवर बसायला लागली. बाबुरावाची मुलगी कांताही त्यात. सकाळी पास्टरची प्रार्थना, मग शेवंतीची वंदना, आणि शेवटी सगळ्यांचं मिळून 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे'. देवापेक्षा नि बुद्धापेक्षा तिसऱ्याला आवाज मोठा.

फक्त डोक्यावर छप्पर नव्हतं. पावसाळाभर बालवाडी बंद, आणि उघडली की पोरं 'ग'ला 'क' म्हणायची. शेवंतीने छपराचा ध्यास घेतला होता. पत्र्याचं चालेल म्हणायची, पण घाला. पास्टर मिशनच्या हापिसात खेटे घालून घालून थकला, तेव्हा एकदाचा निरोप आला. छप्पर देऊ, पण परदेशातल्या देणगीदारांना दोन फोटो पाहिजेत. एक सुधारणेच्या आधीचा, एक नंतरचा.

आता आधीचा फोटो होता कुणाकडे? उकिरड्याचा फोटो कोण काढून ठेवतं? पास्टरने तसं कळवलं. हापिसातून उत्तर आलं की आधीचा नसेल तर तयार करा.

पास्टर तोंड पाडून बसला. बाबुरावाला मात्र उकळ्या फुटल्या. सातासमुद्रापारच्या साहेबाला टोपी घालायची संधी आयुष्यात परत येणार होती थोडीच? त्याने सगळं अंगावर घेतलं. रविवार ठरवला. आधी नंतरचा फोटो, मग घाण टाकून आधीचा, दोन्हींत शेवंती, आणि संध्याकाळी सगळ्यांनी मिळून साफ. शेवंती नाही म्हणाली. ज्या घाणीतून बाहेर आलो तिच्यात फोटोपुरतीसुद्धा बसणार नाही म्हणाली. बाबुरावाने तिची समजूत घातली, सुंदराबाईला मधे घातलं, कांताची शपथ घेतली. "अगं बाय, तासाभराचं नाटक. छप्पर जन्माचं. आणि साफ करायला सगळ्यात आधी मी उतरतो."

शेवटी शेवंती म्हणाली, "बाबूदादा, तुमच्या शब्दावर."

रविवारी गिरगावातून फोटोग्राफर आला. शेवंती पांढरं लुगडं नेसून पोरांच्या रांगेमागे उभी राहिली. नंतरचा फोटो झाला. मग बाबुरावाने गॅलरीत उभं राहून थाळी वाजवली आणि दोन्ही चाळींना जाहीर केलं की आज मोकळीक आहे.

आणि लोक सुटले. दीड वर्ष पोटात दाबून ठेवल्यासारखं खिडक्याखिडक्यांतून कोसळलं. म्हाताऱ्या बायकासुद्धा पदर खोचून राखेच्या बादल्या रित्या करत होत्या. शेजारच्या चाळीतून दोन टोपल्या मागून आणल्या. गणपत नावाचा तिसऱ्या माळ्यावरचा एक इसम तर घरातलं संपलं म्हणून नुसतं पाणीच ओतत राहिला. बाबुराव हसून हसून कठड्यावर लोळला. पास्टर खाली कोपऱ्यात उभा होता. तो काही हसला नाही, पण थांबाही म्हणाला नाही.

फोटोग्राफरला शेवंती फारच नीटनेटकी वाटली. त्याने तिला फाटकं लुगडं नेसायला लावलं, केस सोडायला लावले. पोराला मांडीवर घेऊन त्या घाणीत बसवलं. मग हात जरा पुढे करा म्हणाला, काही मागितल्यासारखा. तिने पास्टरकडे बघितलं. पास्टरने मान खाली घातली. तिने हात पुढे केला.

संध्याकाळी संयुक्त महाराष्ट्र समितीची सभा होती, शिवाजी पार्कात. दोन्ही चाळी एकत्र घोषणा देत गेल्या, बाबुराव सगळ्यात पुढे, आणि घसे बसवून परत आल्या. साफसफाई उद्यावर गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुढच्या चाळीच्या गॅलरीत खल सुरू झाला. कालच्यापेक्षा वास वाढला होता. प्रत्येकाला कामावर जायचं होतं. गणपत दात घासता घासता म्हणाला, "आपण कशाला उतरायचं? मागच्यांना सांगा की. त्यांच्या हाताला सवय आहे."

आणि बाबुराव हसला.

त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. सकाळच्या वेळी गॅलरीत कुणी काही टोला हाणला की तो हसायचाच, चाळीस वर्षांची खोड. पण घरगल्लीत शेवंती फावडं घेऊन आधीच उभी होती, त्याच्या शब्दाची वाट बघत. तिने वर बघितलं. फावडं भिंतीला टेकवून ठेवलं आणि घरात गेली. तिच्या मोरीची खिडकी लागल्याचा आवाज वरपर्यंत आला.

बाबुराव धावत गेला. बंद दाराला म्हणाला की थट्टा होती. आतून ती शांतपणे म्हणाली, "थट्टाच होती, बाबूदादा. काल साहेबाची, आज आमची."

बाबुराव घरगल्लीत उतरला. पास्टरही आला. दोघांनी दुपारपर्यंत उपसलं, तो गिरणीला खाडा करून आणि हा न जेवता. संध्याकाळी वरून कुणीतरी केळ्याची सालं टाकली. बाबुरावाने शिवी हासडली, तेव्हा पुढच्या चाळीने बोट मागच्या चाळीकडे केलं आणि मागचीने पुढचीकडे. आठवड्यात फरशी दिसेनाशी झाली. शेवंती स्वतःच्या खोलीत शिकवू लागली, फक्त मागच्या चाळीतल्या पोरांना. कांता पाटी घेऊन गेली होती एकदा. तिला पाणी दिलं, खाऊ दिला आणि घरी पाठवलं.

आधीचा फोटो मात्र बेफाम चालला. परदेशातल्या देवळादेवळांतून लावला म्हणे. हापिसाने खूष होऊन पत्रे पाठवले, चांगले जाड. मिस्त्री आले, गुडघाभर घाणीत उभे राहून खांब ठोकले आणि छप्पर घालून गेले. पास्टर एवढंच म्हणाला, "छपरासाठीच केलं ना आपण." मग बराच वेळ टक्कल चोळत राहिला. सहा महिन्यांत मिशनने त्याला जालन्याकडे पाठवलं. जाताना तो शेवंतीच्या दाराशी गेला. तिने चहा दिला. कोऱ्या कपात, परक्या पाहुण्याला देतात तसा.

पुढे मुंबईसह महाराष्ट्र झाला. त्या रात्री दोन्ही चाळींवर दिव्यांच्या माळा लागल्या, गुलाल उधळला, पेढे वाटले. बाबुराव मागच्या चाळीत पेढे घेऊन गेला. शेवंतीने घेतला, पोराच्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "कांता किती मोठी झाली असेल."

तो घरी येऊन मोरीच्या खिडकीत बसला. खाली पत्रा दिव्यांच्या उजेडात चमकत होता. पत्र्यामुळे एक बरं झालेलं, आता कोण काय टाकतं ते दोन्ही चाळींना ऐकू जायचं. धाडकन. पूर्वी लोक निदान अंधार बघून टाकायचे.

मागे सुंदराबाई पेढ्यांचा रिकामा पुडा आणि बोंबलाची डोकी घेऊन उभी होती. म्हणाली, "सरका जरा."

बाबुराव सरकला.