आधी घट्ट बाही, मग सैल

मी एक जुना स्वेटर आहे, मित्रांनो. पण जुना म्हटल्यावर लगेच नाक मुरडू नका. तुमच्या अंगावरचं ते चेनवालं जाकीट पुढच्या थंडीत कुठल्या कोपऱ्यात पडलेलं असेल, ते त्याचं त्यालाही ठाऊक नसेल. मी मात्र एकाच घरात दोन पिढ्यांच्या पाठी उबेत ठेवल्या आहेत. तेव्हा बसा नीट आणि ऐका.

माझा रंग एके काळी मोहरीच्या फुलासारखा पिवळा होता. आता घासायचं राहून गेलेल्या पितळेसारखा झाला आहे. बटणं लाकडाची आहेत. त्यांतलं एक हरवलं म्हणून तिथे कोटाचं काळं बटण बसलं आहे, ते इतरांत जावयासारखं उठून दिसतं. आणि माझी एक बाही घट्ट आहे, एक सैल. ते पाहून लोक हसतात. "विणणारीला मोजता येत नव्हतं वाटतं," असं कालच एक बाई म्हणाल्या. मोजता येत होतं हो! दोन्ही बाह्यांचे टाके सारखेच आहेत. हात मात्र दोन आहेत. आणि हात कसे मोजणार?

माझा जन्म मोठीआईच्या मांडीवर झाला. मोठीआई म्हणजे त्या घराची मालकीण. नवरा लवकर गेला, तेव्हापासून घराचा गाडा तिनेच ओढला, आणि ओढताना जीभही चालू ठेवली. तिला अक्षरं जेमतेम येत. पण सुया हातात आल्या की भल्याभल्यांनी गप्प बसावं. घरात जन्मलेल्या प्रत्येक मुलाला तिच्या हातचा एक स्वेटर, हा तिचा नेम. तिची वीण इतकी घट्ट की शेजारीपाजारी म्हणत, हिच्या स्वेटरमधून वारासुद्धा विचारून जातो. हे ऐकलं की मोठीआई मान खाली घालून विणत राही. पण सुया जरा जोरात वाजू लागत.

तिचा दुसराही एक नेम होता. एका कपड्यात दोन हात नकोत. एकदा थोरल्या सुनेने मदत म्हणून मफलरच्या चार ओळी विणून ठेवल्या, तर मोठीआईने चार पाहुण्यांसमोर त्या उसवल्या. "मला मफलर करायचाय," ती म्हणाली, "मासे धरायचं जाळं नव्हे." थोरली सून हसली खरी, पण त्यानंतर तिने लोकरीला बोट लावलं नाही.

मला विणायला घेतलं ते धाकट्या सुनेच्या बाळासाठी. धाकटी औषधांच्या दुकानात कामाला होती आणि तिचा नवरा मालाची गाडी घेऊन महिना महिना फिरतीवर असे. त्यामुळे घरात बहुतेक वेळ या दोघीच. धाकटीला विणकाम येत होतं, आपल्या आईकडून शिकलेली होती. पण ती धागा डाव्या हाताच्या बोटावर घेई. मोठीआईने ते एकदाच पाहिलं. "हा काय डाव्या हाताचा कारभार! डाव्या हाताने ताट वाढावं तशी वीण घालतेस!" झालं. त्या दिवसापासून धाकटीला एकच काम उरलं, ते म्हणजे मनगटांवर लडी धरून बसणं. मोठीआई समोर बसून गुंडा करी.

"हात स्थिर ठेव. वारा घालतेस का मला?"

"बाळ लाथ मारतंय, मोठीआई."

"मारू दे. ते लाथ मारतंय पोटात. हात का हलतात तुझे?"

तर असा मी हळूहळू आकाराला आलो. पाठ झाली. पुढचे दोन्ही भाग झाले. एक बाही झाली. आणि दुसऱ्या बाहीशी आम्ही अडकलो.

मित्रांनो, हाताचं दुखणं हातातल्या वस्तूला आधी कळतं. घरात कुणाला पत्ता नव्हता, पण मला कळलं होतं. मोठीआईच्या उजव्या हाताची बोटं सकाळी आखडू लागली होती. सांधे सुजत. टाका उचलताना सुई मध्येच थांबे, मग ती ओठ दातांत धरून तो टाका ओढून काढी. एक ओळ झाली की हात पदराखाली घेऊन दाबत बसे. कुणी आलं की लगेच पदर सारखा केल्याचं सोंग.

शेवटी एके दुपारी तिने मला गुंड्यासकट, सुयांसकट, एका उशीच्या अभ्र्यात घातलं आणि कपाटाच्या तळाशी कोंबलं. धाकटीने विचारलं तर म्हणाली, "लोकर बोचरी निघाली. बाळाला टोचेल. दुकानातून आणा काहीतरी."

बोचरी! मी! अंधारात पडल्या पडल्या मी किती चरफडलो, ते सांगायची सोय नाही. पण राग ओसरल्यावर भीती वाटू लागली. एका बाहीचा स्वेटर म्हणजे काय? त्याची पायपुसणी होते, नाहीतर उसवून गुंडा होतो. थंडी जवळ येत होती, बाळ जवळ येत होतं, आणि त्या घरातल्या पहिल्याच नातवंडाला मोठीआईच्या हातचं काही मिळणार नव्हतं. हे मोठीआईला कमी लागलं असेल, असं समजू नका. ती त्या कपाटासमोरून जाताना तोंड दुसरीकडे फिरवी.

धाकटी मुकाट होती, पण आंधळी नव्हती. लोणच्याच्या बरणीचं झाकण मोठीआईला उघडत नाही, हे तिने पाहिलं होतं. मोठीआई आपल्या लेकीकडे चार दिवस म्हणून राहायला गेली आणि तिथे नातवंडांनी तिला अडकवून ठेवलं. इकडे धाकटीने अभ्रा बाहेर काढला. माझी झालेली बाही मांडीवर पसरली, टाके मोजले, ओळी मोजल्या, आणि डाव्या बोटावर धागा घेऊन दुसरी बाही सुरू केली. तिच्या हातात मला पहिल्यांदा श्वास घेता आला. मोठीआईचा हात म्हणजे शिस्तीचा मास्तर. हिचा हात म्हणजे सुट्टीचा दिवस. बाही झाली, शिवण झाली, बटणं लागली, आणि पाठोपाठ बाळही आलं. मुलगी झाली.

नातीची बातमी कळताच मोठीआई हजर. बाळाचं रडणं दारातच ऐकून तिने नावही ठेवून टाकलं. "ही कसली मुलगी, ही तर टिटवी!" मग पायऱ्यांवरच चपला काढून आत आली, नातीला डोळे भरून पाहिलं, आणि नजर खुर्चीवरच्या माझ्याकडे गेली.

तिने मला उचललं. एक बाही अंगठ्याने चाचपली. मग दुसरी. खोलीत बाळ बघायला आलेला तिचा थोरला मुलगा वर्तमानपत्र वाचत बसला होता. त्याने पान उलटायचं थांबवलं.

"ही कुणी केली?"

"मी," धाकटी म्हणाली. तिचा आवाज माझ्या सैल बाहीहूनही सैल पडला होता.

"टाके मोजलेस?"

"दोनदा."

"मोजून असं जाळं होतं का? बघ, बोटभर जास्त रुंद आहे." मोठीआईने शिवणीत धाग्याचं टोक शोधायला सुरुवात केली. मित्रांनो, त्या टोकाला हात लागला की काय होतं, ते एका स्वेटरला विचारा. एक ओढ, आणि ओळीमागून ओळ, जसं काही कधी नव्हतंच.

पण मोठीआई थांबली. तिला नुसतं उसवायचं नव्हतं, दाखवून द्यायचं होतं. "घाल तिला. घालून बघ, मग उसवते. हातच्या काकणाला आरसा कशाला!"

धाकटीने बाळाच्या उजव्या हातावरून आपली बाही सरकवली. हात असा गेला, जसा मासा पाण्यात जातो. टिटवीने जांभईसुद्धा दिली. मग डावा हात मोठीआईच्या बाहीत घातला. कोपराशी तो अडकला. बोटं आत दुमडली. टिटवीने असा सूर लावला की शेजारच्या घरातली खिडकी उघडली.

"दुसरा हात नेहमीच अवघड जातो," मोठीआई म्हणाली. "काढ. आधी माझी घाल."

आधी तिची घातली. पुन्हा कोपर, पुन्हा सूर. मग धाकटीची बाही सरकली आणि बाळ हुंदक्याच्या मध्येच गप्प झालं.

"थंडीने रडतेय," मोठीआई म्हणाली. पण हे वाक्य तिने जरा हळू म्हटलं.

वर्तमानपत्रामागून फिसकन हसू आलं. थोरला कुलपं दुरुस्त करायचा, बोलायचा कमी. "आई, तुझ्या बाहीत आम्ही सगळेच रडलोय. मला आठवतंय, धाकट्याला स्वेटर घालायचा म्हटलं की मी अंगणात पळून जायचो."

"मग इतकी वर्षं तोंडाला काय कुलूप होतं?"

"होतं ना. सगळ्या कुलपांच्या किल्ल्या आहेत माझ्याकडे. त्या एका सोडून."

मोठीआईने मला बाळाच्या अंगावरून काढून घेतलं, आणि खिडकीजवळच्या आपल्या खुर्चीत जाऊन बसली. तिच्या मांडीवर मी आणि माझ्यावर तिचे दोन सुजलेले हात. ती माझ्याकडे बघत नव्हती. समोरच्या भिंतीवर तिच्या मुलांचे लहानपणचे फोटो होते, स्वेटर घातलेले. तिकडे ती किती तरी वेळ बघत होती. एकाही फोटोत एकही मूल हसत नव्हतं. आजवर ती सांगत आली होती, फोटोवाल्याला मुलं हसवता येत नाहीत.

मग तिने कात्री घेतली. मी डोळे मिटले असते, पण मला डोळे नाहीत. कात्री सैल बाहीकडे गेली नाही. मोठीआईने आपल्याच बाहीची शिवण बगलेपासून कोपराच्या खालपर्यंत उकलली. टाका एकही तोडला नाही, नुसती शिवण.

"अगं," तिने हाक मारली, "त्या तुझ्या जाड सुया आण."

धाकटी सुया घेऊन आली. "मोठीआई, मी करून देते ना."

"तुझी बाही झाली. ही माझी आहे." तिने सुई हातात घेतली, धागा घेतला, पहिला टाका घालायला गेली. बोट वळेना. पुन्हा प्रयत्न केला. सुई खाली पडली. धाकटीने ती उचलली आणि काही न बोलता उभी राहिली. हे उभं राहणं फार शहाणपणाचं होतं, मित्रांनो. एक शब्द जरी बोलली असती, तरी मी आज गुंड्यात असतो.

मोठीआईने खिडकीबाहेर पाहत म्हटलं, "टाके तेवढे घालून दे. पुढचं मी बघते."

सासूने सुनेकडे मागितलेली ती पहिली मदत. धाकटीने डाव्या बोटावर धागा घेऊन टाके घातले आणि सुई परत दिली. मग दिवसाला दोन ओळी, बोटं बरी असली तर तीन, अशी मोठीआईने एक निमुळती पट्टी विणली. शिंपी सदऱ्याच्या बगलेत कळी घालतात ना, तशी कळी. जाड सुयांवर, आणि मुद्दाम सैल हाताने. आयुष्यभर आवळून विणलेल्या बाईला सैल विणणं किती जड जातं, ते मी त्या टाक्यांत अनुभवलं. ती धागा ओढायची, मग आठवण होऊन सोडायची. ओढायची, सोडायची. ती कळी आजही माझ्या बगलेत आहे. त्यात दोघींचे हात आहेत.

कळी बसल्यावरही तिची बाही जरा घट्टच राहिली. पीळ काय एका कळीने जातो? पण आता हात अडकत नव्हता. आणि दुसरा हात नेहमी अवघड जातो, हे मोठीआईचं म्हणणं खरंच होतं. म्हणून घरात रीत पडली: आधी घट्ट बाही, मग सैल. टिटवीच्या अंगावर ज्याने ज्याने मला चढवलं, त्याला मोठीआई खुर्चीतून बजावी, "आधी माझी!" त्यातही तिला मान हवाच होता. देऊन टाकला सगळ्यांनी.

त्यानंतर मोठीआईने स्वेटर विणला नाही. धाकटी विणत असे आणि ती शेजारी बसून मनगटांवर लडी धरी. "हात स्थिर ठेवा, मोठीआई," असं म्हणायची धाकटीची एकदाही हिंमत झाली नाही. पण हसू मात्र दोघींनाही येई.

टिटवीनंतर मी तिच्या भावाच्या अंगावर गेलो, मग चुलतभावंडांच्या. दूध सांडलं, शाई सांडली, एकाने माझ्या काठाने नाक पुसलं ते अजून आठवतं. मग चेनवाली जाकिटं आली. मी माळ्यावरच्या पेटीत गेलो. मोठीआईची खुर्ची रिकामी झाली, तेव्हाही मी पेटीतच होतो. मला ते खालच्या पावलांच्या आवाजावरून कळलं. कसर लागली, पाठीला दोन भोकं पडली. कुणी विचारेना. तक्रार करत नाही, पण खरं ते सांगतो. अंधारात ऊब कुणाच्या कामाची नसते.

परवा पेटी उघडली. टिटवी होती. केवढी मोठी झालेली, कडेवर बाळ. धाकटी, जिला आता सगळे मोठीआई म्हणतात, तिच्या मागे उभी होती. त्यांनी मला उन्हात झटकलं, कोमट पाण्यात धुतलं, पिळलं नाही, टॉवेलवर आडवं पसरून वाळवलं. भोकं रफू केली. मग टिटवीने मला आपल्या बाळाला घालायला घेतलं, आणि घाईत सैल बाहीच आधी चढवली. दुसऱ्या हाताशी बाळाने सूर काढला. अगदी आईवर गेलेला सूर.

"आधी मोठीआईची," धाकटी म्हणाली. "मग माझी."

टिटवीने काढून पुन्हा घातलं. बाळ गप्प झालं. धाकटीने कळीवरून एकदा अंगठा फिरवला आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

तर मित्रांनो, लोकरीच्या कपड्याला गरम पाणी दाखवू नका. खांद्याला चिमटे लावून टांगू नका. धागा सुटलेला दिसला तर ओढून बघायची हौस करू नका, आधी मोठ्यांना दाखवा. आमचं एवढंच मागणं आहे. आणि एक तुमच्यासाठी. पुढे कधी तुमच्या हातचं काही कुणाच्या अंगावर चढवाल, आणि ते लहानसं माणूस रडू लागेल, तेव्हा थंडीला नावं ठेवण्याआधी बाहीत आपलं एक बोट घालून बघा.