खंड्याचे डोळे

पेणच्या गणपती कारखान्यांत रंगवणारे पुष्कळ, पण आखणी करणारे हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे. आखणी म्हणजे डोळे काढणं. मूर्ती सगळी रंगून झाली, दागिने चढले, की शेवटी आखणीवाला यायचा, मूर्तीसमोर पाटावर बसायचा आणि डोळे उघडायचा. पुंडलिकशेठच्या कारखान्यात हे काम हौसाचं. बाईमाणसाच्या हातात आखणी कशी दिली म्हणून आधी लोकांनी नाकं मुरडली. मग तिचे गणपती बघितले आणि गप बसले. हौसाचा गणपती समोर बसलेल्याकडं बघायचा, आणि तुम्ही बाजूला सरकलात तरी बघायचाच.

त्या वर्षी गणपती उरकले आणि मुंबईहून एक डायरेक्टर आला. त्याला कुत्रा हवा होता, कागदाच्या लगद्याचा, वासराएवढा. भुताखेताचा पिच्चर म्हणे. त्यात एक आंधळा माणूस असतो, त्याला रस्ता दाखवणारा एक कुत्रा असतो. एक डॉक्टर त्या कुत्र्याला आणखी हुशार करायला जातो, इंजेक्शनं टोचतो, आणि तो कुत्रा उलटतो. पहिला घोट मालकाच्याच नरडीचा घेतो.

हे ऐकताना हौसाच्या हातातली रंगाची वाटी कलंडली. पुंडलिकशेठ खेकसला, "अगो, लक्ष कुठं हाय तुझं?"

लक्ष धरमतरच्या खाडीकडं होतं, दुसरीकडं कुठं जाणार! हौसाचा नवरा काळुराम मिठागरात राबायचा. उन्हात चकाकणाऱ्या मिठाकडं बघून बघून त्याचे डोळे गेले, तेव्हापासून खंड्या नावाचा तांबडा कुत्रा त्याला बांधावरून न्यायचा-आणायचा. एका अवसेच्या उधाणाला बांधाला खांड पडली, पाणी आत घुसलं आणि काळुराम गेला. खंड्या तेवढा परत आला, भिजून चिंब. हौसा म्हणाली, "मेल्या, धन्याला टाकून आलास?" आणि चुलीतलं जळकं लाकूड उचलून तिनं त्याच्या अंगावर फेकलं. तो ओरडलासुद्धा नाही. घरापुढच्या खळ्याच्या कडेला तीन दिवस बसून राहिला, तिच्याकडं बघत. चौथ्या दिवशी नव्हता.

तेराव्याला शेजारचा जनू सांगायला आला. "वहिनी, त्यानं टाकला नाय गो काळुरामाला. सदऱ्याला धरून वढत होता. सदरा फाटला तवा सुटला. तुकडा तोंडातच होता त्याच्या." हे आधी का नाही सांगितलंस रे बाबा? पण जनूला काय ठाऊक, हिनं काय करून ठेवलंय ते. हौसानं धरमतरपासून वडखळपर्यंत गावं पालथी घातली. खंड्या भेटला नाही. त्याला बारा वर्षं झाली, आणि बाईच्या मनात नवऱ्याइतकाच तो कुत्रा राहिला. खरं सांगायचं तर नवऱ्याहून जास्तच. नवऱ्याशी तिचं काही वाकडं नव्हतं, कुत्र्याची माफी मागायची होती.

"डोळ्यांत खुनशीपणा पाहिजे," डायरेक्टर म्हणाला. हौसा नेहमीसारखी पाट घेऊन समोर बसली. तिला कुत्र्याचे एकच डोळे ठाऊक होते, खळ्याच्या कडेचे. तेच तिनं काढले. शिव्या बसणार हे धरूनच ती चालली होती. डायरेक्टर डावीकडं गेला, डोळे त्याच्याकडं. उजवीकडं गेला, डोळे त्याच्याकडंच. "बाप रे!" तो मागं सरला. "मावशी, अंगावर काटा आला. हेच पाहिजे होतं मला!"

हौसा बघतच राहिली. ह्यात भिण्यासारखं काय होतं?

"काम झालं की परत द्याल?" तिनं विचारलं. "डोळं उघडल्यावर मोडू नये. आमच्यात पाण्यात सोडतात."

"देऊ की, मावशी," तो म्हणाला. मुंबईची माणसं, बोलायला त्यांचं काय जातं!

कुत्रा काही परत आला नाही. वर्षानं पिच्चर आला, तोही रोह्याच्या टॉकीजला. हौसाची नणंद शांती रोह्याला दिलेली. दोघी तीनच्या खेळाला गेल्या. मध्यंतरापर्यंत पडद्यावर कुठला तरी गुळगुळीत, शिकवलेला मुंबईचा कुत्रा होता. हौसा कंटाळली. मग इंजेक्शनं झाली, अंधाऱ्या जिन्यावर दार करकरलं आणि पडदाभर खंड्याचं तोंड आलं. सगळी टॉकीज किंचाळली. शांतीनं डोळ्यांवर पदर घेतला. हौसा खुर्चीतून अर्धी उठली. "आला गो! शांते, बघ, आला!"

शेवटी गावकऱ्यांनी त्याला खळ्यात घेरलं आणि पेटवून दिलं. खरंच पेटवलं होतं. लगदा कसा जळतो हे हौसाला कळत नसेल तर कुणाला? बाहेर आल्यावर ती शांतीच्या खांद्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडली. "वहिनी, खोटा कुत्रा तो!" शांती म्हणत राहिली.

पण दुसऱ्या दिवशी हौसा पेणहून एसटीनं पुन्हा हजर. तिसऱ्या दिवशीही. तिकीट पुरं काढायची, आत मात्र मध्यंतरानंतर जायची, आणि आग लागायच्या आधी उठायची. दारावरचा दाजी चिडवायचा, "मावशी, धड ना मुंडकं ना शेपूट, असा पिच्चर बघून काय कळतं गो तुला?"

"मला कुत्रा बघायचा हाय."

"मग येवढा भयंकर कुत्रा हाय, शेवटपर्यंत बघ की!"

आत लोक ओरडायचे, पोरीबाळी एकमेकींना बिलगायच्या, आणि ही बाई पुढं झुकून त्या डोळ्यांत बघत बसायची. चुकलं रे माझं, म्हणायची. रोज म्हणायची. रोज तो तिच्याकडं बघायचा. आणि रोज मशाली दिसल्या की हिचा धीर सुटायचा, चपला हातात घेऊन ती बाहेर पळायची.

गुरुवार शेवटचा. शुक्रवारी नवा पिच्चर लागणार होता, म्हणजे आता खंड्या पुन्हा दिसायचा नाही. मशाली आल्या. हौसा सवयीनं उठली, दारापर्यंत गेली. पडद्याजवळच्या बाकांवरची पोरं ओरडत होती, "जाळ! जाळ त्याला!" तिचा पाय निघेना. म्हणजे परत मी आपली घरात, आणि तो एकटा खळ्यात? ती तशीच मागं वळली, लोकांच्या पायांवर पाय देत जाऊन अगदी पुढच्या रांगेत बसली.

"त्यानं कायच नाय केलं!" ती मोठ्यांदा म्हणाली. टॉकीज हसली. "हसा मेल्यांनो. खंड्या, मी हाय रे. हितंच हाय मी."

कान पेटले, मग जबडा. डोळे शेवटपर्यंत तिच्याकडंच होते. तिनं पापणीही लवू दिली नाही.

दिवे लागले, लोक हसत-खिदळत गेले. हौसा रिकाम्या पडद्याकडं तोंड करून बसून राहिली. दाजी झाडू घेऊन आत आला. पुढच्या रांगेत ती बसलेली त्याला दिसली. त्यानं मागच्या रांगेपासून झाडायला सुरुवात केली, सावकाश.