विकाऊ घराला सुतक

घर पाहावं बांधून, असं म्हणणाऱ्याने बहुधा घर विकून पाहिलेलं नसतं. विएनो कांगसने दोन्ही केलं. म्हणजे बांधलं तिच्या नवऱ्याने, सुलोने, १९५८ साली; पण खिळे धरायला तीच होती, आणि सुलोचा नेम काही फार चांगला नव्हता.

घर तळ्याच्या अगदी काठावर. सपाट छप्पर, पाण्याकडची सबंध भिंत काचेची, आत भिंतीतच बसवलेली लाकडी कपाटं. मिशिगनच्या या टोकाला निम्मं वर्ष बर्फ पडतो. तिथे सपाट छप्पर घालणारा माणूस वेडा, असं तेव्हा सगळ्या तळ्याचं मत पडलं. तळ्यावरची माणसं फिनलंडहून आलेल्या खाणकामगारांची मुलं-नातवंडं. ती मत बनवतात, बोलून दाखवत नाहीत. छप्पर कधी कोसळतं याची सगळ्यांनी सभ्यपणे वाट पाहिली. आधी सुलो गेला. छप्पर आहे.

आता विएनोचे गुडघे बर्फात साथ देईनात, म्हणून ती गावात, मुलीच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये जाणार होती. त्याचं तिला दुःख नव्हतं. धास्ती एकच होती: घर पाडतील. डावीकडचं जुनं घर पाडून कुणीतरी तीन मजली बंगला उठवला होता, आणि उजवीकडच्याने तो बघून चार मजली. दोन्ही मालक उन्हाळ्यात दोन आठवडे येत आणि आले की पडदे ओढून बसत.

"जो पाडणार नाही त्यालाच द्यायचं," तिने केंड्राला बजावलं. केंड्रा घरं सजवून विकायची. दोन्ही कामं तीच करी, त्यामुळे तिला बोलायला अजिबात वेळ नसे आणि तरी ती सतत बोलत असे.

"तशी अट घालता येत नाही, कांगसबाई. घर घेतल्यावर त्याचं काय करायचं ते गिऱ्हाईक ठरवणार."

"मग गिऱ्हाईक कोण ते मी ठरवेन."

"हां, ते चालतं," केंड्रा म्हणाली आणि भिंतीवरचे फोटो उतरवू लागली.

नातवंडांचे फोटो गेले. सुलोने पकडून, पेंढा भरून टांगलेला मासा गेला. क्रोशाचे रुमाल गेले. "गिऱ्हाइकाला वाटलं पाहिजे की इथे तो स्वतः राहतोय," केंड्रा समजावत होती. "तुम्ही राहताय असं वाटलं की संपलं."

"मी राहतेच की."

"तेच तर आपल्याला लपवायचंय."

शुक्रवारी दोन हमालांनी विएनोची फुलाफुलांची आरामखुर्ची काचेच्या दारातून बाहेर काढून गॅरेजमध्ये टाकली आणि तिच्या जागी वाकवलेल्या लाकडाची, बुटकी, कोळ्यासारख्या पायांची खुर्ची आणून ठेवली. विएनो तिच्याभोवती एक चक्कर मारून आली. अशीच खुर्ची सुलोने लग्नानंतर आणली होती. पंचवीस वर्षं तिच्यात बसून कंबर धरल्यावर ती चर्चच्या विक्रीत दोन डॉलरला देऊन टाकली, त्या दिवशी नवराबायको दोघांनी केक खाल्ला होता.

"हिचं भाडंच आठवड्याला शंभर आहे," केंड्रा अभिमानाने म्हणाली.

"हिच्यात बसलं की गुडघे कानाला लागतात."

"बसायचं नाहीये, कांगसबाई. बघायचंय."

विएनोने खुर्चीच्या पाठीवर बोटाने टिचकी मारली. शहाण्या माणसांनी बसण्यासाठी फुलाफुलांची खुर्ची घेतली आणि आता त्याच शहाण्या माणसांची नातवंडं बघण्यासाठी जुनी भाड्याने आणतायत, हे बोलून दाखवण्यासारखं नव्हतंच.

खरा वाद झाला तो शनिवारी. तळ्याकाठी प्रत्येक घराची एक सौना असते: लाकडाची खोली, आत चूल, चुलीवर दगड. शनिवारी दुपारी चूल पेटते, दगड तापतात, संध्याकाळी घरातली माणसं आत बसून घाम काढतात आणि तळ्यात उड्या मारतात. विएनो लाकडं घेऊन निघाली तशी केंड्रा दारात आडवी उभी राहिली.

"आज नाही. उद्या घर दाखवायचंय. पडद्यांना धुराचा वास लागेल."

"आज शनिवार आहे."

"एक शनिवार अंघोळ शॉवरमध्ये केली तर काय आभाळ कोसळणार आहे?"

विएनोने साठ वर्षांत पहिल्यांदा शनिवारची अंघोळ शॉवरमध्ये केली. आभाळ कोसळलं नाही. पण पलीकडच्या काठावरून लेम्पी राउतिओने दुर्बिणीतून पाहिलं, की विएनोच्या धुराड्यातून धूर येत नाही. लेम्पी ही विएनोची सत्तर वर्षांची मैत्रीण. तिने कालच आरामखुर्ची बाहेर निघताना पाहिली होती. भिंतीवर फोटो दिसत नव्हते. घर विकायला काढल्याची पाटी होती, पण ती रस्त्याच्या बाजूला. तळ्यावरची माणसं एकमेकांकडे पाण्याच्या बाजूने जातात. विएनोने कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं. लेम्पीने दुर्बीण खाली ठेवली, डोळे पुसले, तळ्यावर निरोप धाडला आणि पीठ भिजवायला घेतलं.

रविवारी दहा वाजता केंड्राने वाडग्यात लिंबं रचली आणि विएनोला सांगितलं, "आता दुपारपर्यंत तुम्ही इथे दिसायचं नाही."

"बरं," म्हणून विएनो सौनाच्या कपडे बदलायच्या खोलीत जाऊन बसली. तिची खिडकी थेट घराच्या ओट्यावर उघडते. दिसायचं नाही एवढंच सांगितलं होतं. बघायचं नाही असं कुणी म्हणालं नव्हतं.

आधी आले शिकागोचे व्हिटलॉक नवराबायको. नवरा घरात जेमतेम डोकावला आणि ओट्यावर येऊन बायकोला म्हणाला, "जागा झकास आहे. बुलडोझर त्या बर्चच्या झाडांच्या बाजूने सहज येईल." खिडकीआड विएनोने ओठ आवळले. पाठोपाठ मिलवॉकीचे प्रेदर आले, ओडेल आणि ज्यूनी. ओडेल कपाटांची दारं उघडझाप करत राहिला. ज्यूनी काचेपाशी उभी राहिली ती हललीच नाही.

आणि मग होड्या आल्या. एकामागून एक, सगळ्यांच्या हातात फडक्याने झाकलेलं काहीतरी. काळे कोट घातलेली पंचवीसेक माणसं ओट्यावरून, दार न वाजवता, सरळ आत शिरली.

लेम्पीने वेलचीचा गोड पाव टेबलावर ठेवला, लिंबं बाजूला सारली आणि केंड्राला विचारलं, "तू नात का?"

"नाही, मी घर विकतेय."

"इतक्या लवकर?" लेम्पी म्हणाली आणि कॉफीचं भांडं शोधायला स्वयंपाकघरात गेली. तिथे ज्यूनी दिसली. ही शहरातली भाची असणार असं ठरवून लेम्पीने तिच्या हातात फडकं दिलं. ज्यूनीला काय चाललंय ते कळलं नाही, पण हातात फडकं आल्यावर बशा पुसायच्या असतात एवढं तिला कळत होतं. ओडेल विसळू लागला.

माणसं कॉफी घेऊन ओट्यावर आली. म्हातारा आर्वो उभा राहिला. "विएनो चांगली होती," तो म्हणाला आणि खाली बसला. इतकं लांबलचक भाषण त्याने स्वतःच्या लग्नातही केलं नव्हतं. खिडकीआडची विएनो उठून दारापर्यंत गेली. आता बाहेर पडावं तर भाषण वाया जाईल, म्हणून ती थांबली.

मग लेम्पी म्हणाली, "घर फार नीट ठेवलं तिने. छप्पर गळत नाही म्हणायची. पण त्या कोपऱ्यात बादली कायम असायची हां."

"ती कुत्र्याच्या पाण्याची होती," विएनो सौनाच्या दारातून म्हणाली.

ओट्यावर शांतता पसरली. तशी ती आधीपासून होतीच, पण आता तिला कारण मिळालं.

"मग गेलं कोण?" आर्वोने विचारलं.

"कुणी नाही. मी घर विकतेय. आणि लेम्पी, एक फोन करायचा."

"तू उचलला असतास तर मी काय बोलणार होते?" लेम्पी म्हणाली. "पाव खा. गरम आहे."

मिस्टर व्हिटलॉक केंड्राला एका बाजूला घेऊन विचारत होते, "हे लोक नेहमीच असे येतात का?"

उत्तर विएनोने दिलं. "छे हो. कुणी गेलं तर. नाहीतर जन्मलं तर. मासे जास्त लागले तर. शनिवारी येतात, पण तेव्हा अंग ओलं असतं, मग बाहेरच बसतात."

"दार वाजवून?" मिसेस व्हिटलॉकनी विचारलं.

"दार वाजवलं तर घरच्याला उठावं लागतं ना. तुम्ही मोठं घर बांधणार म्हणे? फार बरं होईल. इथे सगळे मावत नाहीत. आर्वोला दरवेळी उभं राहावं लागतं."

"माझे पाय दुखतात," आर्वो गंभीरपणे म्हणाला. तो नुकताच बसून उठला होता.

व्हिटलॉकना आणखी एक तळं बघायचं होतं, हे त्यांना त्याच क्षणी आठवलं. त्यांची गाडी वळली तेव्हा केंड्रा पडेल आवाजात म्हणाली, "सगळ्यात वरची बोली त्यांचीच आली असती, कांगसबाई."

"घरही सगळ्यात मोठं त्यांचंच झालं असतं," विएनो म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. तिथे ओडेल कोपरापर्यंत फेसात होता.

"घर घेतलंत तर पाडणार का?" तिने सरळ विचारलं.

"पाडायला पैसे लागतात, बाई," ओडेल म्हणाला. "हे घेतल्यावर आमच्याकडे रंगाचेसुद्धा उरायचे नाहीत."

ज्यूनीने त्याला कोपर मारलं. घर आवडलं, काच आवडली, इथे म्हातारपण काढू, असलं काहीतरी तो बोलेल अशी तिची अपेक्षा असावी. पण विएनोचा जीव एकदम भांड्यात पडला. घरावर प्रेम आहे असं तर डावीकडचाही म्हणाला होता. प्रेम उतरतं. ऐपत नसणं ही भरवशाची गोष्ट.

"केंड्रा," तिने हाक मारली, "यांचे कागद कर."

ज्यूनी तेवढ्यात पुसलेल्या बशांची चळत उचलून टाचा उंचावत वरच्या फळीवर सरकवायला लागली.

"तिथे नको," विएनो म्हणाली. "ती फळी सुलोच्या मापाची आहे, माझा हात तिथे कधी पोचला नाही. बशा खाली, डावीकडे." मग तिने ज्यूनीच्या उंचीकडे एकदा नीट पाहिलं. "पण ठेव. तुझा पोचतोय."