कच्चे टाके

मी शिवणकाम करते, बत्तीस वर्षं झाली. रागीट आहे, हे माझी गिऱ्हाइकंच सांगतील. ही बाई नाकावर माशी बसू देत नाही, असं म्हणायचे लोक, आणि त्याच नाकाचं डावं टोक गाठीसकट कापून काढावं लागलं. कॅन्सरची गाठ होती. जीव वाचला, पण पट्टी सुटल्यावर आरशात बघितलं आणि हातातली कात्री भिंतीवर भिरकावली.

लोकांचं मी मनावर घेतलं नाही. मास्क लावून दुकान चालू ठेवलं. पण माझी चार वर्षांची नात! दिवसभर माझ्या मशीनखाली चिंध्यांत लोळते, म्हणून आम्ही तिला चिंधीच म्हणतो. एकदा खेळताना तिनं मास्क खाली ओढला. अशी किंचाळली, की नंतर दोन महिने माझ्याजवळ फिरकली नाही. त्याआधी माझं नाक चिमटीत धरल्याशिवाय तिला झोप यायची नाही. मला नाक हवं होतं ते तिच्यासाठी. बाकी दुनिया गेली खड्ड्यात.

डॉक्टर अगदीच पोरसवदा. मनात म्हटलं, हा काय नाक करणार! पण त्यानं टाक्यांच्या दोऱ्याच्या पाकिटातला चंदेरी कागद घेतला, माझ्या नाकाच्या चांगल्या बाजूवर दाबून माप काढलं आणि ते उलटवून दुसऱ्या बाजूसाठी कापलं. बाह्यांचं आम्ही असंच करतो. मी जरा सावरून बसले.

"शिलाईला माया किती सोडलीत?"

"अजिबात नाही, मावशी. जास्त कापलं तर नाक कायम सुजल्यासारखं दिसेल."

"आणि आत बकरम? त्याशिवाय कॉलर उभी राहत नाही."

तो हसला. "कानातलं थोडं मऊ हाड काढणार. तेच तुमचं बकरम. वरची कातडी मात्र कपाळाची. ती पूर्ण तोडायची नाही. भुवईपाशी जोडलेली ठेवायची आणि खाली वळवून नाकावर शिवायची, म्हणजे तिला तिथून रक्त मिळत राहतं. तीन आठवड्यांत ती नाकावर रुजली, की मधला पट्टा कापायचा. तोवर नाकाला हात लावलात तर कपाळाला लावल्यासारखं वाटेल."

"काहीतरीच!" म्हटलं मी. पण मला चिंधी आठवली. तीन आठवडे दोन डोळ्यांच्या मधून मांसाचा पट्टा! नुसतं टोक नव्हतं तर पोर किंचाळली. हे बघून काय करील?

सुनेनं तोडगा काढला. "आई, तेवढे दिवस मी तिला माझ्या माहेरी घेऊन जाते."

"ने," म्हटलं मी आणि आत जाऊन ढसाढसा रडले.

ऑपरेशन झालं. सोळाव्या दिवशी दुपारी मी मशीनवर बसले होते. मास्क पट्ट्यावर दाबायचा, म्हणून काढून ठेवला होता. तेवढ्यात दारात सून आणि तिच्या हाताला धरून चिंधी. तिकडे घरभर तापाची साथ, म्हणून फोनही न करता निघून आली होती.

मी अर्धवट शिवलेला झगा तोंडासमोर धरला. "घेऊन जा तिला!" सुनेवर ओरडले. बिचारी जागच्या जागी थिजली.

चिंधी मात्र हलली नाही. झग्याच्या कडेनं आत डोकावली आणि बराच वेळ बघत राहिली.

"आजी, तुला शिवलं?"

"हो."

"झालं शिवून?"

"नाही गं. अजून पाच दिवसांनी हा पट्टा कापणार."

"म्हणजे कच्चे टाके आहेत."

कच्चे टाके घातलेला कपडा तिनं ओढला, की मी शंभरदा दटावलंय तिला. आता ती आईकडे वळली आणि हुबेहूब माझ्या आवाजात खेकसली, "ओढायचं नाही हं! अजून व्हायचंय!"

मला हसू आवरेना. तोवर ती स्टुलावर चढली. नव्या रेशमाला हात लावते तसं एकच बोट तिनं हळूच माझ्या नाकाच्या टोकाला लावलं.

आणि ते मला कपाळावर जाणवलं. डोकं दुखताना आपल्या माणसानं हात ठेवावा तसं. डॉक्टर खरं बोलला होता. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

"दुखलं?" ती घाबरली.

"नाही गं बाई. पुन्हा लाव."