बापाचं गाणं माझ्या पोटात

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. चार बटणं, एक चीर गेलेलं झाकण, आणि स्वभावाने जरा बढाईखोर. तरुणपणी माझा आवाज ऐकून समोरच्या इमारतीतलं मांजर रोज हजेरी लावायचं, असं मी सगळ्यांना सांगतो. खरं म्हणजे ते दोनदाच आलं. पण आजच्या गोष्टीत तिखटमीठ नाही. त्याची गरजच नाही.

कारखान्यातून निघालो तो मी थेट पक्ष्यांच्या प्रयोगशाळेत पोहोचलो. लांबट खोली, भिंतीला लागून पिंजरे, फरशीवर सांडलेले दाणे. पक्षी गाणं कसं शिकतात, याचा अभ्यास तिथल्या संशोधक बाई करत. लाल चोचीचा एक बोटभर नर त्यांचा फार लाडका होता. त्याचं गाणं सात तुकड्यांचं. तुकडे ठरलेले आणि त्यांचा क्रमही ठरलेला. या पक्ष्यांत पोरगा बापाकडून गाणं उचलतो. माद्या गात नाहीत, पण परीक्षा त्याच घेतात! त्या खोलीत असं गाणं दुसऱ्या कोणाकडे नव्हतं. बाईंनी ते माझ्या टेपवर उतरवून घेतलं आणि मी जो फुगलो, तो झाकण लागेना.

एका सकाळी तो नर पिंजऱ्याच्या तळाशी निपचित पडलेला सापडला. मागे उरलं नुकतंच घरट्याबाहेर आलेलं एक पिल्लू.

"आता ते गाणं फक्त या डब्याच्या पोटात आहे," बाई म्हणाल्या. "या पोराचे कान थोडेच दिवस उघडे असतात. नंतर जे शिकला असेल तेच जन्मभर."

डबा म्हटल्याचा राग आला, पण गिळला. दिवसभर मी वाजत राहिलो. आणि पिल्लू? माझ्याकडे पाठ करून खुशाल झोपलं!

शेवटी दाणापाणी बघणारे काका म्हणाले, "बाई, सारखं तेच तेच ऐकवलं तर माणसाचं पोरही कान बंद करतं. त्याला मागू द्या की."

त्यांनी पिंजऱ्यात एक दोरी सोडली. पिल्लाने ओढली की मी एकदा वाजायचो. दिवसाला वीसच वेळा. पिल्लू दोरी ओढायचं, मान तिरकी करायचं आणि पुतळा व्हायचं. इतकं मन लावून मला आजवर कोणी ऐकलं नव्हतं.

आणि मित्रांनो, पंधराच दिवसांत मी घात केला. माझं एक चाक अडलं आणि टेप मी चावून टाकली. काकांनी पेन्सिल घालून ती गुंडाळून पाहिली. हातात आला तीन ठिकाणी तुटलेला गुंता.

"दुसरी प्रत?" काकांनी विचारलं.

बाईंनी ती काढलीच नव्हती. गाण्याचा कागदी नकाशा तेवढा त्यांच्या वहीत होता, रेघा आणि ठिपके. पण रेघा वाजवता येत नाहीत.

पिल्लाने तोवर एक सूरही काढला नव्हता. मग त्याने तोंड उघडलं. चर्र, चिक्, खर्र!

"कुठलं दार करकरतंय?" काकांनी विचारलं.

दिवसामागून दिवस तेच. शेवटी बाई म्हणाल्या, "काका, याला शेजारच्या नराजवळ ठेवू या. त्याचं तीनच तुकड्यांचं आहे, पण गाणं तरी येईल. शिकायचे दिवस या आठवड्यात संपतात. बिनगाण्याचा राहिला तर जोडीदारीण विचारायची नाही याला."

"आणि बापाचं गाणं?"

"ते गेलंच ना आता!"

"गेलं कसं? पोर बडबडतं, थांबतं, पुन्हा बडबडतं. आतल्या आत कशाशी तरी ताडून बघतंय."

"आणि नसलं तर? जन्म फुकट जाईल हो त्याचा."

बाई पिंजऱ्याच्या कडीवर हात ठेवून बराच वेळ उभ्या राहिल्या. मग त्यांनी हात काढून घेतला. पिंजरा जागचा हलला नाही.

त्यानंतर जे झालं ते मी या कानांनी ऐकलं. त्या करकरीतून एक दिवस बापाच्या गाण्यातला दुसरा तुकडा निघाला. मग पाचवा. मधे सगळा कचरा. पिल्लू रोज थोडा कचरा गाळायचं. बाहेरून सांगणारं कोणी नव्हतं. मी तर मुका झालो होतो.

एका सकाळी त्याने छाती फुगवली. बाईंनी झटकन वही उघडली आणि नकाशावर बोट ठेवलं. पहिला तुकडा, दुसरा, तिसरा. बोट सरकत होतं. पक्ष्याच्या छातीत आवाजाची पेटी दुहेरी असते, त्यामुळे दोन सूर एकदम निघत होते. सातवा तुकडा संपला आणि बोट रेघेच्या टोकाला पोहोचलं. एक ठिपकाही उरला नव्हता. जे मला लांबलचक टेपवर सांभाळता आलं नाही, ते त्याने वाटाण्याएवढ्या डोक्यात महिनाभर जपलं होतं!

"काका, मी हलवणारच होते याला," बाई म्हणाल्या.

"हलवलं नाहीत ना," काका म्हणाले आणि पाण्याची वाटी बदलायला गेले. त्यांनी ती रिकामीच परत ठेवली, हे फक्त मी पाहिलं.

आता मी फळीवर असतो, धूळ खात. मला पुसलंत तर उपकार होतील, नाही पुसलंत तरी तक्रार नाही. पण मित्रांनो, तुमच्या घरात एखादं लहानगं अर्धवट, वेडंवाकडं काही बडबडत असेल, तर त्याला गप्प करू नका. त्याच्या आत काय चाललंय, हे माझ्यासारख्या कान टवकारून बसलेल्या यंत्रालाही कळलं नव्हतं. जवळ बसा. ऐका. आणि कडीवरचा हात जरा मागे घ्या.