हात न देण्याचा गुरुवार

रिफ्का वर्षभर जावेच्या पोराच्या हातची भाकर खात नव्हती, आणि ही गोष्ट इजिप्तमधल्या कफ्र सुरियाल गावात एकालाही ठाऊक नाही असं राहू नये याची तिनं नीट काळजी घेतली होती. दर रविवारी चर्चमधली उपासना, मिस्सा, संपली की गावचे पाद्री अबूना बिसंती दारात उभे राहून आशीर्वादाची भाकर मोडायचे आणि तुकडा प्रत्येकाच्या तळहातावर ठेवायचे. रिफ्का समोर यायची, दोन्ही हात काळ्या शालीत गुंडाळायची आणि भरल्या दारातून ताठ मानेनं निघून जायची. सत्तरी ओलांडलेली बाई, गुडघे कुरकुरणारे, पण तेवढ्या चार पावलांत तिची चाल ठसक्याची.

चर्चमागच्या भट्टीच्या खोलीला सगळे बेथलेहेम म्हणत. तिथं चाळीस वर्षं तिच्या नवऱ्यानं, नसीमनं, वेदीवरची, ख्रिस्तशरीर होणारी भाकर भाजली. उपाशीपोटी, स्तोत्रं म्हणत, बिनमिठाचं पीठ मळायचं. वर क्रुसाचा ठसा उठवायचा, पाच भोकं पाडायची. बाईमाणसानं त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. रिफ्कानं कधी टाकलंही नाही, पण भट्टीवर राज्य तिचंच. बायकांच्या बाजूला पहिल्या रांगेत बसून ती परडीतल्या भाकरी लांबून पारखायची, आणि दुपारी घरी नसीम ताटावर बसला की निकाल सांगायची. आज दुसरीला तडा होता. आज ठसा एका अंगाला बसला. नसीम मान हलवायचा आणि जेवायचा.

नसीम गेल्या उन्हाळ्यात गेला. त्याचा चाळिसावा दिवस झाला आणि त्याच आठवड्यात अबूनांनी भट्टी वहबाला दिली. वहबा म्हणजे तिच्या धाकट्या जावेचा, लबीबाचा मुलगा. ट्रॅक्टर दुरुस्त करणारा. रिफ्काचा स्वतःचा थोरला, शहाता, धडधाकट समोर असताना.

"लबीबानं अबूनांच्या घरी तुपाचे डबे पोचवले असतील," रिफ्कानं त्याच संध्याकाळी विहिरीपाशी जाहीर केलं. विहिरीपासून लबीबाच्या दारापर्यंत ते शब्द तिच्याआधी पोचले.

सप्टेंबरात नैरूझ आला, चर्चचं नवं वर्ष लागलं. मिस्सेनंतर अंगणात लाल खजूर आणि पेरू वाटत होते. रिफ्कानं परडीतला खजूर उचलला, हुंगला आणि परत ठेवला.

"का गं, किडका आहे?" लबीबानं विचारलं. परडी तिच्याच हातात होती.

"खजूर चांगला आहे. तुझ्या घरातून आलाय ना, म्हणून हुंगून पाहिला. वहबाच्या भाकरीला डिझेलचा वास येतो म्हणतात."

"तुझ्या नवऱ्याच्या भाकरीला कशाचा वास यायचा सांगू? भीतीचा. तुझ्या भीतीचा."

चाळीस माणसांसमोर हे झालं. पुढच्या रविवारी मिस्सेत सेवकानं पुकारलं, एकमेकांना शांतीचा हात द्या, तेव्हा सगळ्या बायका इकडच्या-तिकडच्या शेजारणीच्या हाताला हात लावून आपली बोटं ओठांना टेकवत होत्या. रिफ्का आणि लबीबा शेजारी शेजारी उभ्या. सुना होऊन आल्या तेव्हापासून त्यांच्या जागा त्याच, आणि जागा सोडणं म्हणजे हार मानणं. दोघींनी हात पाठीमागे घेतले.

अबूनांनी दोन महिने वाट पाहिली. मग ख्रिस्तजन्माच्या उपासात एके दिवशी दोघींना बोलावून घेतलं. अबूना बिसंती चौतिशीचे, दाढीत एक पांढरा केस नाही. रिफ्काच्या मते त्यांच्यात पाद्रीपण होतं ते फक्त दाढीपुरतं.

"हात मिळवल्याशिवाय वेदीपुढे येऊन ख्रिस्तशरीर घेता येत नाही, हे तुम्हाला मी सांगायला हवं का?" अबूना म्हणाले. "ज्या मिस्सेत शांतीचा हात द्याल, त्या मिस्सेपासून या. तोवर दोघींनी थांबायचं."

"हिनं सुरुवात केली," लबीबा म्हणाली.

"सुरुवात ज्यानं भट्टी दिली त्यानं केली," रिफ्का म्हणाली. "माझ्या शहातात काय कमी होतं, एवढं सांगा अबूना. मी आत्ता हात देते."

अबूना म्हणाले, "ते मला सांगता येणार नाही."

"मग तुपाचे डबे खरेच म्हणायचे."

अबूनांचे कान लाल झाले. लबीबा जमिनीकडे बघून गालात हसली, आणि ते हसू रिफ्काच्या डोक्यात पुढे कितीतरी दिवस खिळ्यासारखं रुतून बसलं.

ख्रिस्तजन्म असाच गेला. जानेवारीत बाप्तिस्म्याचा सण आला. घराघरात ऊस आणि अळूचे कंद आले, पोरांनी चिपाडं गल्लीभर केली. लबीबाच्या दारापुढची चिपाडं रिफ्कानं झाडून तिच्याच उंबऱ्यावर नेऊन ठेवली. मोठा उपास लागला. पंचावन्न दिवस ना दूध ना अंडं, त्यात रिफ्काला जिना चढताना धाप लागू लागली. शहाता तिला मिन्या शहरात मोठ्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, हृदयाची झडप बदलायला हवी. या वयात जिवाची खात्री कुणी देणार नाही. तारीख ठरली ईस्टरनंतरच्या बुधवारची.

रिफ्काला सुरीचं भय नव्हतं. सात बाळंतपणं घरच्या चटईवर झालेली बाई. पण ख्रिस्तशरीर तोंडात न घेता त्या टेबलावर झोपायचं, आणि तिथून उठायचंच नाही झालं तर वर जाऊन काय सांगायचं, हे तिला खाऊ लागलं. हात देऊन मोकळं व्हावं, असं मनात आलं की लगेच ते हसू समोर यायचं. मग ती म्हणायची, मी का? चोरी तिनं केली, हात मी पुढे करू?

ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी लोक विणलेले क्रूस आणि झावळ्या घेऊन आले. मिस्सा संपल्यावर चर्चचे पडदे काळे झाले आणि सगळ्या मंडळीचं मर्तिक वाचलं गेलं. पुढच्या आठवड्यात प्रभूच्या दुःखाखेरीज दुसऱ्या कुणासाठी मर्तिकाची प्रार्थना होत नाही. म्हणून जो कोणी त्या आठवड्यात जाईल त्याचं आधीच उरकून ठेवतात. जिवंत माणसं आपल्याच मर्तिकाला उभी राहतात.

"नीट कान देऊन ऐक," लबीबा समोर बघत पुटपुटली. "यंदा तुझ्या कामाचं आहे."

"तूही ऐकून घे. तुझ्यासाठी वेगळं कोण म्हणत बसणार? यातच भागवतील."

अबूनांनी पाणी शिंपडलं. रिफ्काच्या तोंडावर चार थेंब पडले, आणि त्या क्षणी तिला युक्ती सुचली. पुढचे तीन दिवस ती मनातल्या मनात तिला घासूनपुसून चकचकीत करत राहिली.

बुधवारी दुपारी ती ओट्यावर भाजका हिरवा गहू निवडत बसली होती. शहाता दगडखाणीतलं काम आटपून आला, पांढऱ्या धुळीनं माखलेला.

"माझी पांढरी ओढणी पेटीतून काढून दे," ती म्हणाली. "उद्या मी घेणार आहे."

"काय घेणार आहेस?"

"ख्रिस्तशरीर. आणखी काय, कोबी?"

"आई, अबूनांनी सांगितलंय, हात दिल्याशिवाय..."

"ज्या मिस्सेत शांतीचा हात असतो त्या मिस्सेचं सांगितलंय. उद्या कराराचा गुरुवार. यहूदानं मुका घेऊन गुरूला धरून दिलं, म्हणून उद्या हातही नाही आणि मुकाही नाही. त्या प्रार्थनेचं पानच उलटून टाकतात. उद्या माझ्याकडे हात मागेल कोण? अबूनांनी मागितला तर तेच पापी."

शहाता हसला नाही. पायरीवर बसला आणि बराच वेळ बुटाची नाडी सोडत राहिला. गाठ सुटलेली होती, तरी.

"हे वकिली डोकं चांगल्या कामाला लावलं असतंस तर," तो म्हणाला.

"चोरी झाली की असंच डोकं लागतं."

"चोरी झाली नाही, आई. भट्टी अबूनांनी आधी मलाच देऊ केली होती. बाबांच्या चाळिसाव्या दिवशी. मी नको म्हणालो. वहबाचं नाव मीच सुचवलं, आणि तुला कळू देऊ नका म्हणून अबूनांना शपथ घातली. लबीबा काकूलाही."

रिफ्काच्या हातातला गहू सुपात परत सांडला.

"नको म्हणालास? बापाची जागा?"

"बाबांची जागा मी रोज जेवताना बघत होतो. चाळीस वर्षं भाकर त्यांनी भाजली आणि चाळीस वर्षं तू त्यांना तिचे तडे मोजून दाखवलेस. एक रविवार तरी चांगली झाली म्हणालीस? एक?"

"मी म्हणत होते म्हणून तर त्याची भाकर गावात..."

"असेल. मला ते ताट नको होतं." तो उठला. "ओढणी काढून देतो. जायचं तर जा."

रिफ्का तिथंच बसून राहिली. एक तरी रविवार आठवतो का म्हणून तिनं मागे मागे जाऊन पाहिलं. चांगली झालेल्या भाकरी शेकड्यांनी आठवल्या. सांगितलेलं मात्र एकदाही आठवेना. चांगली ती दिसतेच की, सांगायची कशाला, असं तिचं म्हणणं. नसीमलाही ते ठाऊक असणार, असं तिनं स्वतःला दोनदा बजावलं, आणि तिसऱ्यांदा बजावायचं सोडून दिलं.

गुरुवारी सकाळी ती पांढरी ओढणी घेऊन गेली. न जाणं तिला जमलंच नसतं. अबूनांनी भांड्यातल्या पाण्यात कापड बुडवून पुरुषांचे पाय पुसले, बायकांचे हात पुसले. मग मिस्सा. शांतीच्या हाताची वेळ आली आणि तशीच निघून गेली. सगळे आपापले हात छातीशी धरून उभे. मग बायकांची रांग लागली. रिफ्का पुढे सरकली आणि पाहते तर तिच्या पुढ्यातच लबीबा. तिच्याही डोक्यावर पांढरी ओढणी.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. लबीबा ओशाळली नाही. "तूही?" एवढंच म्हणाली.

रिफ्काच्या अंगाचा तिळपापड झाला. चार रात्री डोकं झिजवून काढलेली युक्ती या बाईला फुकटात सुचली होती. आणि वर हिचा हक्क होता. हिनं चोरी केलीच नव्हती. आज चोर कुणी असेल तर रिफ्काच, आपल्या पाळीची वाट बघत उभी.

रांग सरकत होती. तिला वाटलं, पटकन हिच्या हाताला हात लावावा आणि मोकळं व्हावं. क्षणाचं काम, कुणाच्या लक्षातही येणार नाही. हात शालीतून अर्धा बाहेर आलाही, आणि थांबला. आज हात द्यायचा नाही. बाकी सगळं वर्ष, रविवारमागून रविवार, हात मागितला जात होता तेव्हा तिनं तो पाठीमागे लपवला. आज द्यायचा म्हटलं तर यहूदा वाटेत उभा. उरली जीभ. आणि जिभेनं असलं काही बोलायची तिला सवयच नव्हती.

लबीबाच्या पुढे दोघी राहिल्या. मग एक.

"लबीबा," रिफ्का म्हणाली. हळू म्हणायचं होतं, पण तिचा आवाज हळू बोलायला घडलेलाच नव्हता. तीन रांगा वळून पाहू लागल्या. "भट्टी तू घेतली नाहीस. माझ्या पोरानं टाकून दिली. तुपाचं मी बोलले ते खोटं. डिझेलचंही खोटं. वास येत नाही."

लबीबा मागे वळली. "मला ठाऊक होतं."

"हे सगळं ठाऊक होतं तर वर्षभर दातखीळ का बसली होती तुझी?"

"शहातानं शपथ घातली होती." मग जरा थांबून लबीबा म्हणाली, "आणि खरं सांगू? तू गावभर चुकीचं बोलत हिंडत होतीस, ते बघायला मला मजा येत होती. चांगलीच मजा येत होती."

"बाई, वेदी समोर आहे. जरा लाज."

"वेदी समोर आहे म्हणूनच खरं सांगितलं."

अबूना हातात तबक घेऊन उभे होते. मागची अख्खी रांग माना उंचावून. "संपलं?" त्यांनी विचारलं.

"जुनं संपलं," रिफ्का म्हणाली. "नवं हिनं आत्ता काढलं."

वर्षभर ऐकून घेतलेले तुपाचे डबे अबूनांच्या चेहऱ्यावर एकेक करून येऊन गेले असावेत. ते म्हणाले, "नव्यासाठी रविवारी हात आहेच. तेव्हा दोघींचा हात मी स्वतः बघणार आहे. आता तोंडं उघडा, मागे लोक उपाशी उभे आहेत."

आधी लबीबानं घेतलं, मग रिफ्कानं. दोघींनी रुमाल तोंडाशी धरले, त्यामुळे बाहेर पडेपर्यंत कुणालाच काही बोलता आलं नाही, आणि ते बरंच झालं.

दुपारी घरोघरी मसूर शिजत होता. गल्ली एकच, म्हणून दोघी एकाच वाटेनं निघाल्या, मध्ये दोन हातांचं अंतर ठेवून. रिफ्काला धाप लागली, ती भिंतीला टेकली. लबीबाही थांबली, पण जवळ आली नाही.

"पुढच्या बुधवारी का तुझं?" तिनं विचारलं.

"बुधवारी."

"मी येणार नाही दवाखान्यात. मला तो वास सहन होत नाही."

"कुणी बोलावलंय?"

"कुणी नाही. म्हणूनच सांगून ठेवते." लबीबानं ओढणी सारखी केली. "वहबा गाडी घेऊन येईल पहाटे. शहाताच्या मोटरसायकलवर तुझी ने-आण करायची म्हणजे झडप वाटेतच बंद पडायची. त्याच्या गाडीत चढताना तोंड बंद ठेव, म्हणजे झालं."

रिफ्कानं उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण दम पुरला नाही. लबीबा तेवढी संधी साधून निघून गेली. रिफ्का भिंतीला टेकून उभी राहिली आणि दम परत आला की काय म्हणायचं ते जुळवू लागली. रविवारला अजून तीन दिवस होते.