बाळंतिणीची खिडकी

नीलम्मानं जुन्या धोतराची पट्टी खिडकीच्या फटीत कोंबली आणि चमच्याच्या टोकानं आत दाबली. सरकत्या काचांच्या त्या खिडकीतून मार्गशीर्षातला वारा बारीक शिट्टी घालत आत यायचा आणि नीलम्माचं डोकं फिरायचं. आत बाजेवर तिची धाकटी लेक अक्षरा कानाला फडकं बांधून पडली होती. कुशीत नुकतंच बारसं झालेली नात आणि बाजेखाली कोळशाची शेगडी. रेणापुरात बाळंतपण करावं तर नीलम्मानं, असं गल्लीतल्या बायका म्हणायच्या, आणि नीलम्माही उगाच लाजायची नाही.

तिची स्वतःची आई लवकर गेली होती. तिची बाळंतपणं सासूनं केली, चोख केली, पण माहेरचे लाड काही वाट्याला आले नाहीत. आपल्या लेकींना सव्वा महिना बाजेवरून हलू द्यायचं नाही, हे तिनं तेव्हाच ठरवलं होतं. थोरल्या उज्वलाचं बाळंतपण जुन्या माळवदाच्या घरात झालं आणि मायलेकरं गुटगुटीत होऊन सासरी गेली. मग नीलम्माच्या नवऱ्यानं, मन्मथनं, माळवद उतरवून त्याच जागी स्लॅबचं घर बांधलं. बी-बियाण्याच्या दुकानदारानं मातीच्या छताखाली राहणं त्याला बरं दिसत नव्हतं. नव्या घरातलं हे पहिलंच बाळंतपण. डिंकाचे लाडू तेच, शेक तोच, ओव्याची धुरीही तीच. कशात म्हणून उणं नव्हतं, आणि तरी अक्षरा दिवसेंदिवस सुकत चालली होती.

"आई, डोकं लई दुखून राहिलंय. जरा खिडकी उघड ना."

"उघड म्हनं! एकदा अंगात वारं भरलं की जल्माचं दुखनं होतं, बाई."

"मळमळतंय पण."

"लाडू टाकून दिलास सकाळी. पोटात काही नसल्यावर मळमळणारच की."

बारशाला आलेला जावई, अमरनाथ, याच खोलीत घाम पुसत खिडकीपाशी गेला होता. नांदेडला रेल्वेच्या ऑफिसात नोकरी करणारा मवाळ माणूस तो. त्यानं काच सरकवायला हात लावला मात्र, नीलम्मा अशी कडाडली की बिचारा पुढं पंगतीतही मान वर करेना. सासूनं जावयाला असं बोलावं का, यावर पाहुण्यांत दोन दिवस कुजबुज झाली.

शुक्रवारी अक्षरानं भिंतीकडं बघत सांगून टाकलं, "हे रविवारी गाडी घेऊन येतायत. मी जाते नांदेडला. इथं मला बरं वाटंना, आई."

नीलम्माला ते 'इथं' फार लागलं. ओवा भाजता भाजता तिच्या डोळ्यांना धार लागली आणि ती धुराची आहे असं तिनं स्वतःलाच सांगितलं. जगाची बाळंतपणं केली आणि पोटची पोर अर्ध्यातून उठून चालली, गल्लीला तोंड काय दाखवायचं? पण रडून गप्प बसेल तर ती नीलम्मा कसली! माया कमी पडली असेल तर वाढवू, असं म्हणून तिनं शेगडीत कोळसे वाढवले आणि दारावरच्या झडपेला बियाण्याच्या खोक्याचा पुठ्ठा ठोकला. सकाळी काचांवरून पाणी ओघळत होतं आणि बाजेमागच्या भिंतीवर काळे ठिपके उठले होते. नीलम्मानं रंगवाल्याच्या नावानं बोटं मोडली.

शनिवारी दुपारी अक्षरा न्हाणीत गेली. नात रडायला लागली म्हणून नीलम्मा तिला मांडीवर घेऊन बाजेवर बसली. दार लावलं, निखाऱ्यांवर ओवा टाकला. खरं तर या खोलीत ती दिवसभर ये-जा करायची, पण अशी निवांत बसली नव्हती कधी. शेगडी फुंकायची, शेक द्यायचा, की निघाली स्वयंपाकघरात. बाळ रडून रडून कुंथायला लागलं. नीलम्माची कानशिलं ठणकू लागली. मग मळमळलं. उठायला गेली तर पायांत जोरच नव्हता. तिनं बाळाला छातीशी धरलं, भिंत धरत दार गाठलं आणि थेट मागच्या ओट्यावर जाऊन बसली.

ओट्यावर ऊन होतं. शेवग्याची पानं हलत होती. थोड्या वेळानं डोकं उतरलं, बाळानं एक लांबलचक जांभई दिली आणि डोळे उघडून आजीकडं पाहिलं. नीलम्मानं वळून खोलीकडं पाहिलं. आपण घटकाभर बसलो तर ही गत, आणि ह्या दोघी रात्रंदिवस तिथं!

जुन्या घरात असं कधी झालं नव्हतं. तिथं बाजेच्या वर माळवदाला चांगलं हातभर भोक होतं. शेगडीचा धूर तिरका होऊन त्यातून निघून जायचा. थंडीत कुणी त्यावर झाकण ठेवलं की सासू घर डोक्यावर घ्यायची. झाकण फक्त पावसात. म्हातारीची खोड म्हणून नीलम्मा मनातल्या मनात हसायची. सासूचं सगळं तिनं उचललं होतं, तेवढं एक सोडून.

मन्मथ जेवायला घरी आला तो ओरडतच. "आगं, लेकराला उघड्यावर घिऊन बसलीस? वारं लागंल की!"

"आपल्या जुन्या घराला वर भोक हुतं, ते कशाला हो?"

"धूर जायला. दुसरं कशाला?"

"मग ह्या घरातला धूर कुठून जातोय?"

मन्मथनं वर स्लॅबकडं पाहिलं. मग बायकोकडं. "आता स्लॅब फोडायचा म्हन्तीस काय?"

"काही फोडू नका. शेगडी आधी बाहेर काढा. आन डाक्टरकडं जायचंय."

डॉक्टरांनी अक्षराला आणि बाळाला तपासलं, कोंडलेल्या खोलीत शेगडी ठेवल्याचं ऐकून चांगलं खडसावलं, आणि आता काळजी नाही म्हणाले. घरी येऊन नीलम्मानं धोतराच्या पट्ट्या ओढून काढल्या, पुठ्ठा उपटला. मग बाजेच्या कडेला बसली.

"चूक माझी झाली, बाई. तू सांगत हुतीस आन मी ऐकलं न्हाई. उद्या खुशाल जा. मी पिशवी भरून देते."

अक्षरानं बाळाला कुशीत ओढलं. तिला झोप लागत होती.

रविवारी अमरनाथ आला तेव्हा लाडवांचा डबा आणि दुपटी भरलेली पिशवी दाराशी तयार होती. शेक आता ओट्यावर तापवलेल्या फडक्यांचा होता. बाज वाऱ्याच्या वाटेतून सरकवली होती आणि मायलेकी गाढ झोपल्या होत्या. खिडकी वीतभर उघडी. अमरनाथनं ती पाहिली, बारशाचा दिवस त्याला आठवला आणि सासूबाई यायच्या आत त्यानं घाईघाईनं काच ओढली.

"हात लावू नका!" दारातून नीलम्मा कडाडली.

अमरनाथ जागच्या जागी उभा राहिला. "मामी, मी लावूनच घेत होतो..."

"तेच नका करू म्हन्ते मी! उघडा ती."

आवाजानं अक्षरा जागी झाली. नवऱ्याचा चेहरा बघून तिला हसू आवरेना. किती दिवसांनी हसत होती ती.

"उघडा, उघडा," ती म्हणाली. "आणि गाडीवाल्याला सांगा, पिशवी घरातच राहू दे. मी सव्वा महिना करूनच येणार."

नीलम्मानं पिशवीतला डबा काढला आणि पदरानं डोळे पुसले. या खेपेला खोलीत धूर नव्हता.